मेल्यानंतर आत्मा जागा असतो का? ख्रिस्ती मतभेदांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजीला मूठमाती देऊन आम्ही कबरस्थानाच्या फाटकाशी आलो, तेव्हा आई म्हणाली, "सुटली बिचारी. आता प्रभूजवळ आहे, आपल्याला बघत असेल." मावशी आईच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "ताई, आई झोपली आहे गं. प्रभू येईल तेव्हाच उठेल." दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींच्या हातात बायबल एकच. आई आमच्या अहमदनगरकडच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळीतली. मावशी लग्नानंतर पुण्यात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीत गेली. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे आहे. मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

हा वाद नेमका कशाविषयी आहे?

शेवटच्या दिवशी मेलेले उठतील यावर वाद नाही. ते सगळ्या मुख्य पंथांना मान्य आहे. 'शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन' हे शब्द प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, आहेत आणि आई-मावशी दोघीही ते डोळे मिटून म्हणतात. वाद आहे तो मधल्या काळाचा. माणूस आज मेला आणि पुनरुत्थान अजून व्हायचे आहे, तर तोवर तो कुठे असतो?

ढोबळमानाने तीन उत्तरे दिली जातात. पहिले, आत्मा शरीर सोडून जागेपणी देवाजवळ किंवा देवापासून दूर राहतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट असे मानतात. दुसरे, आत्मा असतो, पण निद्रेत. तिसरे, आत्मा अशी वेगळी वस्तूच नाही. माणूस पूर्ण मरतो आणि देव त्याला पूर्ण उठवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मताला लोक सरसकट 'आत्म्याची निद्रा' म्हणतात. ॲडव्हेंटिस्ट खरे तर तिसऱ्या मताचे आहेत.

बायबलातला 'आत्मा' आणि आपण रोज बोलतो तो 'आत्मा' एकच का?

नाही. माझ्या मते मराठीत या विषयावर होणारा निम्मा गोंधळ या एका शब्दाने केला आहे.

आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा आत्मा देह बदलतो, त्याला शस्त्र कापत नाही, आग जाळत नाही, हे इथल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते, मग तो कुठल्याही धर्माचा असो. तो आत्मा न जन्मलेला आहे. बायबलातला माणूस मात्र घडवलेला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस बनवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस जीवधारी होतो. मुळातला हिब्रू शब्द आहे 'नेफेश'. नीट पाहा: माणसाला नेफेश 'मिळाला' असे तिथे म्हटलेले नाही, माणूस नेफेश 'झाला' असे म्हटले आहे. शिवाय हाच शब्द पहिल्या अध्यायात मासे आणि जनावरांसाठीही आला आहे, आणि गणनेच्या पुस्तकात तर प्रेतासाठीसुद्धा.

ग्रीक नव्या करारात याच्या जागी 'प्सुखे' येतो, आणि आपल्या प्रचलित मराठी बायबलात त्याचे भाषांतर सगळीकडे सारखे नाही. मार्क ८:३६ मध्ये सारे जग मिळवून माणूस 'जिवाचा' नाश करून घेतो. मत्तय १०:२८ मध्ये शरीराचा घात करणारे 'आत्म्याचा' घात करू शकत नाहीत. मूळ शब्द दोन्हीकडे प्सुखेच. भाषांतरकारांना मी दोष देत नाही, कारण मराठीत दोन्ही छटा पेलणारा एक शब्द नाही. पण 'जीव' वाचला की आपल्याला धुकधुकणारी छाती आठवते आणि 'आत्मा' वाचला की न मरणारे काहीतरी. म्हणजे शब्द निवडला तिथेच अर्धा वाद मिटवून टाकलेला असतो.

जुना करार मेलेल्यांविषयी काय सांगतो?

फार थोडे, आणि जे सांगतो ते उदास आहे. मेलेले 'शेओल'मध्ये, म्हणजे अधोलोकात, जातात. तिथे स्तुती नाही, आठवण नाही. 'मेलेल्यांना काहीच कळत नाही' हे उपदेशक ९:५ मधले वाक्य मावशीच्या बायबलात लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेले आहे. स्तोत्र १४६ म्हणते की माणसाचा श्वास गेला की त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. दानीएल १२:२ मध्ये मातीत झोपलेले जागे होतात.

पण उपदेशकाच्याच बाराव्या अध्यायात माती मातीला मिळते आणि आत्मा देवाकडे परत जातो. पहिल्या शमुवेलात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, एन-दोरच्या बाईकडे राजा शौल जातो आणि मेलेला शमुवेल वर येऊन त्याच्याशी बोलतो: 'मला का त्रास दिलास?' तो खरेच शमुवेल होता की भूतविद्येची फसवणूक, यावर प्राचीन मंडळीतही एकमत नव्हते.

येशूच्या काळी यहूदी लोकांतच हे भांडण चालू होते. त्यांच्यातला सदूकी पंथ पुनरुत्थान मानत नसे, परूशी पंथ मानत असे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ मध्ये प्रेषित पौल सभेत याच मुद्द्याला हात घालतो आणि दोन गट एकमेकांवर तुटून पडतात.

येशू वधस्तंभावर चोराला 'आज' म्हणाला. मग प्रश्न उरतोच कुठे?

लूक २३:४३. वर्गात हा प्रश्न हमखास येतो.

आपल्या बायबलात वाक्य असे आहे: 'मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' यात शंकेला जागाच दिसत नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. तिथे शब्दांचा क्रम साधारण असा आहे: 'खचीत तुला सांगतो आज माझ्याबरोबर असशील सुखलोकात.' 'आज' बरोबर मधोमध बसला आहे. त्याला पुढच्या वाक्यात घेतले तर चोर त्याच दिवशी सुखलोकात जातो. मागे जोडले तर अर्थ होतो, 'आज, या वधस्तंभावरून, मी तुला सांगतो की तू माझ्याबरोबर असशील', आणि कधी ते उघडे राहते. ॲडव्हेंटिस्ट दुसऱ्या प्रकारे वाचतात. इंग्रजीत हा सगळा वाद एका स्वल्पविरामाचा आहे. मराठीत तोही करता येत नाही, कारण भाषांतराने 'आज' उचलून 'तू'च्या शेजारी ठेवला आहे.

माझे मन पहिल्या वाचनाकडे झुकते. 'मी तुला खचीत सांगतो' हे येशूचे ठरलेले पालुपद आहे. शुभवर्तमानांत ते कितीतरी वेळा येते, आणि बाकी कुठे त्याला 'आज' चिकटत नाही. मावशीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग तिसऱ्या दिवशी येशू मरीयेला 'मी अजून पित्याजवळ वर गेलो नाही' असे का म्हणाला?" योहान २०:१७. यावर माझ्याकडे उत्तर होते, सुखलोक आणि पित्याकडे वर जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे, पण ते देताना माझा आवाज आधीइतका ठाम नव्हता.

श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या गोष्टीचे काय?

लूक १६. दारातला भिकारी लाजर मेल्यावर पूर्वज अब्राहामाजवळ जातो, श्रीमंत माणूस मेल्यावर ज्वाळेत तळमळतो आणि अब्राहामाशी बोलतो. बोधकथेवरून परलोकाचा नकाशा काढू नये, असे निद्रावादी म्हणतात. दुसरी बाजू विचारते की येशू खोट्या समजुतीवर बोधकथा का रचेल? मला वाटते ही गोष्ट दारात पडलेल्या भिकाऱ्याविषयी आहे. तिच्यावर एवढा भार टाकू नये.

पौल काय म्हणतो?

दोन्ही बाजूंना वाटते की पौल आपला आहे, आणि दोघांकडे पुरावा आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो मेलेल्यांना 'झोपी गेलेले' म्हणतो आणि करिंथच्या मंडळीलाही तोच शब्द वापरतो. येशूही आपल्या मित्राविषयी, बोधकथेतल्याहून वेगळ्या लाजराविषयी, म्हणाला होता, 'आपला मित्र लाजर झोपला आहे.' ख्रिस्ती लोकांनी आपल्या दफनभूमीला ग्रीकमध्ये 'कोइमेतेरिओन' म्हटले, म्हणजे झोपायची जागा. सिमेटरी हा शब्द तिथूनच आला. आपण 'प्रभूमध्ये झोपी गेले' असे लिहितो तेव्हा तीच जुनी चाल पुढे चालवतो.

पण हाच पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांस लिहितो की मला इथून निघून ख्रिस्ताजवळ असण्याची उत्कंठा आहे, आणि ते फारच चांगले. मरण म्हणजे नुसती बेशुद्धी असती तर त्यात 'फारच चांगले' काय होते? निद्रावाद्यांचे उत्तर असे, की झोपलेल्याला वेळ कळत नाही. डोळा मिटला आणि उघडला की समोर ख्रिस्त. हे उत्तर मला पोकळ वाटत नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या कुणालाही विचारा.

अमर आत्मा ही कल्पना ग्रीकांकडून आली असे म्हणतात. खरे का?

अर्धे खरे. प्लेटोच्या लेखनात सॉक्रेटिस विषाचा प्याला शांतपणे पितो, कारण देह ही कैद आणि मरण ही सुटका. गेथशेमाने बागेत येशू मात्र मरणापुढे अतिशय खिन्न होतो. हा विरोध फ्रेंच धर्मपंडित ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानात असा काही समोर ठेवला की त्यावर विलक्षण खळबळ माजली. मरण शत्रू असेल तरच पुनरुत्थान ही बातमी ठरते, हा त्यांचा गाभा. गंमत अशी, की कुलमन स्वतः मेलेले ख्रिस्ताजवळ 'झोपलेले' आहेत असे मानत. ते माणूस पूर्ण नाहीसा होतो असे म्हणत नव्हते.

दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर तर त्याहून कडक होता. मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही, मरताच आत्मा स्वर्गात घेतला जातो, असे म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती समजू नका, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिसऱ्या शतकात अरबस्तानात काही ख्रिस्ती आत्मा शरीराबरोबर मरतो व त्याच्याबरोबरच उठतो असे शिकवीत. धर्मपंडित ओरिजेनने जाऊन त्यांचे मन वळवले, असे इतिहासकार युसेबियस सांगतो. म्हणजे आई-मावशीचा वाद किमान १,७०० वर्षांचा आहे.

या प्रश्नावर एका पोपनेही माघार घेतली होती, हे खरे का?

हो. बाविसावे जॉन, आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहणारे पोप, तेव्हा ऐंशीच्या पुढचे. १३३१ च्या सर्व संतांच्या सणापासून त्यांनी प्रवचनांत सांगायला सुरुवात केली की संतांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायापूर्वी देवाचे समोरासमोर दर्शन होत नाही. पॅरिसचे धर्मपंडित उसळले, फ्रान्सचा राजाही विरोधात गेला. पोपनी हे मत मंडळीवर लादले नव्हते, आणि डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर ते मागेही घेतले. त्यांच्यानंतरचे बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये जाहीर केले की शुद्ध झालेले आत्मे न्यायदिवसाआधीच देवाला पाहतात. १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने आत्मा मर्त्य आहे असे शिकवणाऱ्यांचा निषेध केला. कॅथलिकांपुरता प्रश्न तिथे मिटला.

तरी त्याच कॅथलिक परंपरेतले सर्वांत मोठे पंडित थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात लिहून गेले होते, 'माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.' आत्मा वाचला तरी माणूस अजून पुरता वाचलेला नाही, देह परत मिळायला हवा. हे वाक्य मला फार जवळचे आहे.

शुद्धिस्थान आणि मृतांसाठी मिस्सा यांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. शुद्धिस्थान म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात अशी कॅथलिक मानतात ती अवस्था, आणि मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य उपासना. आत्मा जागा असेल तरच तो शुद्ध होत राहू शकतो आणि आपली प्रार्थना त्याच्या उपयोगी पडू शकते. २ नोव्हेंबरला वसईच्या किंवा गोव्याच्या कबरस्थानात संध्याकाळी जा. धुऊन पुसलेली थडगी, झेंडूच्या आणि शेवंतीच्या ओळी, मेणबत्त्यांचा वितळून गोठलेला थर, आणि शेजारी उभे राहून नातवाला 'हे तुझे पणजोबा' म्हणणारी म्हातारी. प्रोटेस्टंट मी शुद्धिस्थान मानत नाही, पण त्या प्रार्थनेतले प्रेम मला परके वाटत नाही. ऑर्थोडॉक्स मंडळीही मृतांसाठी प्रार्थना करतात, फक्त कॅथलिकांनी केली तशी शुद्धिस्थानाची व्याख्या करत नाहीत.

मग प्रोटेस्टंट सुधारकांनी निद्रेची बाजू का घेतली नाही?

काहींनी घेतली होती! मार्टिन ल्यूथर मरणाला वारंवार गाढ झोप म्हणत. ख्रिस्त येऊन कबरीवर टकटक करील आणि म्हणेल 'डॉक्टर मार्टिन, ऊठ', आणि मी एका क्षणात उठेन, असे ते सांगत. दुसरीकडे त्यांनीच असेही लिहिले आहे की झोपेतही आत्मा देवाशी बोलतो. त्यांच्याकडून एक नेमके मत काढणे अवघड आहे.

इंग्रजी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल जास्त धारदार होते. कॅथलिक विद्वान थॉमस मोर यांना १५३१ मध्ये उत्तर देताना ते विचारतात की मेलेल्यांना आधीच स्वर्गात, नरकात नि शुद्धिस्थानात बसवून टाकले, तर पुनरुत्थानासाठी ख्रिस्ताने आणि पौलाने केलेल्या युक्तिवादांचे काय उरले? १५३४ मध्ये अँटवर्पला त्यांच्या सहकाऱ्याने, जॉर्ज जॉयने, टिंडेलना न विचारता त्यांचा नवा करार पुन्हा छापला आणि काही ठिकाणी 'पुनरुत्थान' हा शब्द काढून 'या जीवनानंतरचे जीवन' असे घातले. टिंडेल संतापले. त्यांनी स्वतःची सुधारित आवृत्ती काढली तेव्हा प्रस्तावनेत जॉयला जाहीर झोडपून काढले. एका शब्दासाठी एवढा राग, असे पूर्वी मला वाटे. आता वाटत नाही. दोनच वर्षांनी त्यांना ठार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या हातून जुन्या कराराचे भाषांतर अर्धेच झाले होते.

पारडे फिरवले जॉन कॅल्विन यांनी. १५३४ मध्ये, पंचविशीत, त्यांनी निद्रावाद्यांविरुद्ध एक पुस्तक लिहिले. छापले गेले १५४२ मध्ये. त्याचे नाव 'सायकोपॅनिकिया'. नावाचा अर्थ आहे आत्म्याचे रात्रभर जागरण. पुढे लोकांनी तोच शब्द उलटा करून आत्म्याच्या झोपेसाठी वापरला. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने स्पष्ट लिहिले की आत्मे मरतही नाहीत, झोपतही नाहीत. आपल्याकडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत तीच शिकवण आली.

ॲडव्हेंटिस्टांकडे हे मत कुठून आले?

अमेरिकेतून. मेथडिस्ट उपदेशक जॉर्ज स्टोर्स यांच्या हाती १८३७ मध्ये याच विषयावरचे एक पत्रक पडले. ते वाचून त्यांनी अनेक वर्षे विचार केला आणि १८४२ मध्ये, दुष्टांना अमरत्व आहे का, या प्रश्नावर सहा प्रवचने दिली. पुढे ते विल्यम मिलर यांच्या चळवळीत आले. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त येणार अशी त्या चळवळीची खात्री झाली होती. तो दिवस आला आणि गेला. त्या दुःखातून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ही १८६३ मध्ये रीतसर स्थापन झाली. मिलरना स्वतःला स्टोर्स यांचे मत पटले नव्हते, पण मंडळीत ते रुजले.

त्याला जोडूनच दुसरे मत येते: अमरत्व ही ख्रिस्ताची देणगी आहे, त्यामुळे दुष्ट लोक अनंतकाळ जळत राहत नाहीत, शेवटी नाहीसे होतात. यहोवाचे साक्षीदारही असेच काहीसे शिकवतात, पण ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नाकारत असल्यामुळे ॲडव्हेंटिस्ट आणि ते एकच समजू नयेत. मावशीला कुणी तसे म्हटले की तिला लागते, आणि लागायलाच हवे.

मेंदूविज्ञानाने हा वाद संपवला का?

संपवला नाही, पण आत्मा म्हणजे शरीरात बसलेला वेगळा रहिवासी, ही कल्पना अवघड करून ठेवली. ज्यांनी घरात स्मृतिभ्रंश पाहिला आहे त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आजीला शेवटच्या वर्षी माझे नाव आठवत नव्हते. आत्मा अखंड असेल तर ते नाव तेव्हा कुठे होते?

केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ आणि अँग्लिकन पाळक जॉन पोल्किंगहॉर्न सुचवत, की आत्मा म्हणजे माणसाची घडण, त्याचा आकृतिबंध. तो मरणात मोडतो, पण देव तो विसरत नाही, आणि पुनरुत्थानात नव्या देहात पुन्हा उभा करतो. मला हे वाचून धीर आला. माझे नाव आजीकडून निसटले तरी ते कुठेतरी जपलेले आहे.

मेलेली माणसे आपल्याला पाहतात का? त्यांच्याशी बोलावे का?

मेलेल्यांना बोलावणे बायबलाने स्पष्ट मना केले आहे (अनुवाद १८), आणि यावर सगळे पंथ एक आहेत. संतांना मध्यस्थीची विनंती करणे वेगळे, असे कॅथलिक मानतात. प्रोटेस्टंट तेही करत नाहीत. 'पाहतात का' याचे सरळ उत्तर शास्त्रात नाही. फोटोसमोर उभे राहून कुणी रडत रडत दोन शब्द बोलले, तर त्याला शास्त्र शिकवायला जाऊ नका.

दहन केले तर पुनरुत्थानाला अडचण येते का?

नाही. इ. स. १७७ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात, छळ करणाऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली. आता पाहू यांचे पुनरुत्थान कसे होते, असे ते म्हणत होते. मंडळीचा विश्वास त्या राखेबरोबर वाहून गेला नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. २०१६ च्या सूचनेत मात्र राख उधळू नये, सहसा घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी असे सांगितले आहे. देह टाकाऊ नाही, एवढे त्यातून कळते.

तुमचे स्वतःचे मत काय?

आजी ख्रिस्ताजवळ आहे असे मी मानतो. जागी की निजलेली, यावर मी आईशी किंवा मावशीशी भांडणार नाही. पण 'आत्मा अमर आहे, म्हणून काळजी नाही' असे सांत्वन कुणी ख्रिस्ती दफनविधीत करू लागला की मला राहवत नाही. आमची आशा आत्म्याच्या चिवटपणावर नाही. रिकाम्या कबरीवर आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर साफ म्हटले आहे की अमरत्व एकट्या देवाला आहे.

थडग्याच्या दगडावर काय लिहावे?

हा प्रश्न आमच्या घरात आठ दिवस चालला. आईला 'प्रभूजवळ गेली' हवे होते, मावशीला 'झोपी गेली'. शेवटी मामाने आजीचे बायबल उघडले आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय, चौदावे वचन मोठ्याने वाचले. येशू मेला व पुन्हा उठला असा आपला विश्वास असेल, तर येशूमध्ये झोपी गेलेल्यांना देव त्याच्याबरोबर आणील. 'झोपी गेलेल्यांना' ऐकून मावशीने मान हलवली. 'त्याच्याबरोबर'वर आईने. पाथरवट अक्षरावर पैसे घेत होता, म्हणून आजीचे नाव, दोन सालं, आणि खाली एवढेच कोरून घेतले: १ थेस्स. ४:१४.